ब्रदर खोडे वाटेवर आहेत

मी नाशिक सोडलं त्या सकाळी मखमलाबादला आमच्या अंगणात सुमो उभी होती आणि तिच्याभोवती निम्मी आळी जमली होती. वडील रोज पहाटे गुलाब काढून स्वतः फुलबाजारात न्यायचे. त्या दिवशी त्यांनी चुलतभावाला पाठवलं आणि आपण टोपी घालून गाडीच्या टायरांना पायाने ढोसत उगाच हवा बघत राहिले. आईने डब्यावर डबा बांधला. "तिकडं लय थंडी राहती म्हणे, कान झाकून घेत जाय," हे तिने चार वेळा सांगितलं. ओझरहून कारखान्यातले मित्र आले होते. आमच्या फ्रीमेसन लॉजमधले सहा-सात जण आले होते. त्यातल्या निवृत्त सुभेदारांनी मला असा कडक सलाम ठोकला की आई दचकली. सगळे आले, गर्गे डॉक्टर तेवढे आले नाहीत.

मी ड्रायव्हरला म्हटलं, गाडी गोळे कॉलनीतून घे. वाट वाकडी होती. वडील कुरकुरले, विमान चुकेल म्हणाले. रविवार होता. सहा वर्षं दर रविवारी सकाळी नऊ वाजता डॉक्टरांच्या दवाखान्याचं शटर माझ्यासाठी अर्धं वर असायचं. त्या रविवारी ते जमिनीला टेकलेलं होतं. मी उतरलो नाही. ड्रायव्हरला दोनदा हॉर्न वाजवायला सांगितलं. वरच्या मजल्यावरून एका बाईंनी वैतागून खाली बघितलं आणि आम्ही मुंबई नाक्याकडे वळलो.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी पस्तिशीला टेकलो होतो आणि इंग्लंडमध्ये डर्बी नावाच्या गावी विमानांच्या इंजिनांचं काम मिळालं होतं. माळ्याच्या पोराला आणखी काय हवं, असं सगळे म्हणत होते. मी मात्र मागच्या काचेतून त्या शटरकडे बघत होतो.

हे मी दोन प्रकारच्या माणसांसाठी लिहितो आहे. एक, तुम्ही जे तिथेच राहिलात आणि अजून दर महिन्याच्या दुसऱ्या शुक्रवारी लॉजच्या बैठकीसाठी पांढरे हातमोजे शोधत घरभर फिरता. दुसरे, जे माझ्यासारखे उठून निघून आले आणि कुठल्या तरी परक्या गावी घड्याळात दोन देशांच्या वेळा पाहून जगतात.

डॉक्टरांची आणि माझी गाठ माझ्या दाढेने घालून दिली. मी ओझरच्या विमान कारखान्यात इंजिन शॉपला होतो. पाळीवरून परत येताना दाढ ठणकायला लागली आणि कोणीतरी गोळे कॉलनीतल्या गर्गे दंतवैद्यांकडे नेलं. त्यांना काम करताना बोलायची सवय. ते बोलत राहिले, मी तोंड वासून ऐकत राहिलो. दाढ निघाल्यावर म्हणाले, "वाद न घालता इतकं ऐकणारा माणूस फार दिवसांनी भेटला." त्यानंतर माझे आणखी दोन दात बिघडले आणि डॉक्टर त्यांच्या लॉजबद्दल थोडं थोडं सांगू लागले. एकमेकांना 'ब्रदर' म्हणणाऱ्या फ्रीमेसन मंडळींचं ते लॉज, म्हणजे त्यांची सभा, इंग्रजांच्या काळापासूनची होती. देवळालीच्या वाटेवरच्या त्यांच्या कौलारू दगडी बंगल्यावरून मी शंभर वेळा गेलो होतो. तिथे कोणी कोणाला बोलवत नाही, माणसाने स्वतः विचारायचं, असा त्यांचा रिवाज. दुखायला एकही दात उरला नाही तेव्हा मी विचारलं.

घरी हलकल्लोळ. आमच्याकडे त्या इमारतीला भुताचा बंगला म्हणत. "तिथं मानसाचं मुंडकं ठेवेल राहतं म्हणे!" आई म्हणाली. वडिलांनी विडी विझवून शांतपणे विचारलं, "दारू पेतेत का?" मी म्हटलं, काही जण घेतात. "मग भूत नसंल. भुताला काय करायची दारू." थोड्या वेळाने त्यांनी आणखी एक प्रश्न विचारला, "जेवायच्या टेबलावर फुलं लागतात का त्यांना?" तेव्हापासून दर दुसऱ्या शुक्रवारी आमच्या मळ्यातले गुलाब तिथल्या टेबलावर जाऊ लागले.

आत काय चालतं ते मी सांगणार नाही. शपथ घेतली आहे. आणि खरं सांगायचं तर ऐकून तुमची निराशाच होईल, मुंडक्याच्या बाबतीत तर नक्कीच. एवढं सांगायला हरकत नाही की टेबलावर गीता, कुराण, बायबल, अवेस्ता आणि ग्रंथसाहेब शेजारी शेजारी ठेवलेले असत आणि ज्याने त्याने आपापल्या पोथीवर हात ठेवून शपथ घेतली होती. धर्म आणि राजकारण हे दोन विषय काढायला बंदी. नाशिकमध्ये पंचवीस माणसं जमून या दोहोंपैकी काहीच बोलत नाहीत, हेच मला आधी गूढ वाटलं होतं. सातपूरचे एक कारखानदार होते, ज्यांच्यासमोर एरवी मी उभा राहिलो असतो. तिथे ते माझ्या शेजारी बसून मला लोणचं वाढत. बेकरीवाले पारशी बावाजी होते, एस.टी.तले एक डेपो मॅनेजर होते, सुभेदार होते. वडिलांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं तेव्हा यांच्यातलं कोणी ना कोणी रोज दुपारी दवाखान्यात येऊन बसे, म्हणजे मला पाळी चुकवावी लागू नये. बावाजी पाव आणायचे. वडील घरी येईपर्यंत आईने भुताचा विषय सोडून दिला होता.

तिथलं सगळं तोंडपाठ म्हणायचं असतं. कागद हातात घ्यायचा नाही. आणि ते सगळं इंग्रजीत, तेही दोन-अडीचशे वर्षांपूर्वीच्या. मी मराठी शाळेत शिकलेला. कारखान्यातलं इंग्रजी म्हणजे नट-बोल्टांची नावं. नव्या माणसाला एक जुना माणूस शिकवायला देतात, त्याला आम्ही वाटाड्या म्हणायचो. माझे वाटाडे गर्गे डॉक्टर. रविवारी सकाळी दवाखाना बंद असे. अर्ध्या शटरखालून वाकून आत जायचं, आणि दुसरी धड खुर्ची नसल्यामुळे मी थेट पेशंटच्या खुर्चीत. डॉक्टर माझ्यामागे येरझाऱ्या घालत. मी एक शब्द चुकलो की ते खुर्ची पायाने एक खटका खाली सोडत. सुरुवातीला पान संपेपर्यंत मी जवळजवळ आडवा झालेला असे. पहिल्यांदा एक मोठा उतारा न चुकता म्हटला आणि खुर्ची जागची हलली नाही, तेव्हा ते स्वतः समोरच्या टपरीवरून चहा घेऊन आले.

शब्दांबरोबर त्यांनी बाकीचंही शिकवलं. उभं राहिल्यावर हातांचं काय करायचं, आपल्यापेक्षा मोठ्या माणसाला 'नाही' कसं म्हणायचं, कोणी चुकलं तर सगळ्यांसमोर न बोलता जिन्यात कसं सांगायचं. वडिलांनी मला मातीतलं सगळं शिकवलं, पण माणसांत वावरायला या दंतवैद्याने शिकवलं. हे मी त्यांना कधी बोलून दाखवलं नाही.

आता त्या रिवाजाबद्दल. बैठकीनंतर जेवण असे आणि बरोबर आठ वाजता सगळे उभे राहत. ओझरची शेवटची बस गाठणाऱ्या आमच्यासारख्यांसाठी आठ ही वेळ ठरलेली. जे गाव सोडून गेलेत त्यांच्या आठवणीचा पेला सगळ्याच लॉजमध्ये घेतात. आमच्याकडे त्यात एक भर होती. सेक्रेटरी गेलेल्यांची नावं एकेक करून वाचत आणि प्रत्येक नावाला त्या माणसाचा वाटाड्या उत्तर देई, "वाटेवर आहेत." मग तो माणूस पुण्याला असो की कॅनडात. वाटाड्याशिवाय दुसऱ्याने उत्तर द्यायचं नाही. कोणी दिलंच नाही, तर त्या नावानंतर नुसती शांतता, आणि सेक्रेटरी पुढच्या नावाकडे जाई.

ही भर गर्गे डॉक्टरांची. त्यांचे वडील रामकुंडावर तीर्थोपाध्याय होते. कुठल्या कुठल्या गावांहून यात्रेकरू येत आणि ते वह्या उघडून त्यांच्या आजा-पणजाची नावं वाचून दाखवत. डॉक्टर लहानपणी शेजारी बसून ऐकायचे. ते म्हणत, "नाव वाचलं की माणूस मान वर करतो, दत्तू. मी म्हातारे बाप्ये रडताना पाहिलेत, नुसतं पणजोबाचं नाव ऐकून. नाव वाचलं गेलं पाहिजे आणि कोणीतरी हो म्हटलं पाहिजे." त्यांनी पौरोहित्य केलं नाही, दात काढले. पण ही एक गोष्ट तेवढी घाटावरून बंगल्यात आणली.

मला इंग्लंडचं पत्र आलं तेव्हा लॉजच्या मास्टरच्या, म्हणजे प्रमुखाच्या, खुर्चीत पुढच्याच महिन्यात मी बसणार होतो. सहा वर्षं पायरी पायरीने मी तिथपर्यंत आलो होतो. बंगल्याच्या इतिहासात माळ्याचा मुलगा त्या खुर्चीत पहिल्यांदा बसणार होता आणि मला वाटतं, माझ्यापेक्षा डॉक्टरांनाच त्याचं अप्रूप होतं. मी रविवारी जाऊन सांगितलं. पेशंटच्या खुर्चीत न बसता उभ्या उभ्याच सांगितलं. ते हात धूत होते. बराच वेळ धुतले. मग म्हणाले, "सहा वर्षं मी तुला एका खुर्चीसाठी तयार करत होतो. तुला दुसरीच हवी होती, ते आधी सांगायचंस." एवढंच म्हणून त्यांनी माझ्याकडे पाठ केली. त्यांच्या मनात एवढं साचलं असेल, याची मला कल्पना नव्हती.

डर्बीत पहिल्या दिवशी मी तोंड उघडलं आणि शॉपमधली पोरं थक्क झाली. माझं इंग्रजी त्या जुन्या पाठांतरातून आलेलं. स्पॅनर मागायचा तरी मी दरबारात अर्ज केल्यासारखा मागत असे. शेजारच्या बेंचवरचा कीथ म्हणाला, "तू याआधी कुठल्या राजाकडे नोकरीला होतास का?" हळूहळू ते इंग्रजी झिजलं. वर्षभराने बायको सुनंदा आणि आमची मुलगी आली. मग सेंट्रल हीटिंग, कौन्सिल टॅक्स, रविवारचं लॉन हे शब्द आमच्या जेवणात मिसळले. सुनंदा कुंडीत मेथी लावते आणि थंडीला शिव्या देते. मी कान झाकून घेतो.

तिथल्या लॉजमध्येही मी गेलो. त्यांनी प्रेमाने घेतलं. तेच शब्द, तेच हातमोजे, एक काना इकडचा तिकडे नाही. डोळे मिटले तर मी देवळालीच्या वाटेवर. उघडले की समोर रेल्वेतून निवृत्त झालेले आजोबा बटाटे कुस्करत बसलेले. चांगली माणसं होती. तेही नऊच्या ठोक्याला गेलेल्यांच्या आठवणीचा पेला घेतात, पण एकत्र, सगळ्यांचा मिळून एक. नावं वाचत नाहीत. तिथे मी पाहुणा नव्हतो, तरी माझं नाव कोणी मोठ्याने वाचावं आणि कोणी हो म्हणावं, ही भूक तिथे भागत नव्हती.

नाशिकचे आठ म्हणजे हिवाळ्यात डर्बीचे दुपारचे अडीच. दर दुसऱ्या शुक्रवारी अडीचला मी बेंचपाशी हातातलं काम ठेवून मिनिटभर उभा राहायला लागलो. कीथला वाटलं, पाठ दुखते. एप्रिलमध्ये मी असाच उभा राहिलो आणि घरी आल्यावर मुलीने लक्षात आणून दिलं की मार्चअखेर इथली घड्याळं तासभर पुढे गेलीत, नाशिकची नाहीत. म्हणजे मी उभा होतो तेव्हा तिकडे सात वाजले होते, जेवणाची ताटंही मांडली नव्हती. मी रिकाम्या टेबलासाठी उभा राहिलो, याचं मला वेड्यासारखं रडू आलं.

त्या मिनिटात मी खरंतर एकाच गोष्टीचा विचार करायचो. माझं नाव वाचलं जात असेल, "ब्रदर खोडे." पुढे काय होत असेल? डॉक्टर उठत असतील की शांतता? मी त्यांना पत्रं लिहिली, पहिल्या दोन वर्षांत सात-आठ. एकाचंही उत्तर आलं नाही. बावाजींना, सुभेदारांना फोनवर विचारता आलं असतं, पण जीभ रेटली नाही. कोणी म्हणालं असतं की नाही रे, कोणी उत्तर देत नाही, तर नाशिकमध्ये माझं काय उरलं असतं? वडिलांचा मळा होता, घर होतं. पण ते जन्माने मिळालेलं. माणसांत मी स्वतः मिळवलेली जागा ती एकच होती.

सहा वर्षांनी सुट्टीवर आलो. मुद्दाम दुसऱ्या शुक्रवारच्या दिवशीचं विमान घेतलं, कोणाला कळवलं नाही. कसाऱ्याच्या घाटात ट्रक आडवा झाला आणि तीन तास गेले. नाशिक आलं तर मला रस्ते कळेनात. इंदिरानगरला जिथे द्राक्षांचे मांडव पाहिले होते तिथे इमारतींचे दिवे. सुनंदाला आणि मुलीला तसंच मखमलाबादला पाठवून मी बंगल्याच्या फाटकात बॅगेसकट उतरलो. आठला दोन मिनिटं कमी होती. बैठकीच्या वेळी दारावर तलवार घेऊन राखण करणारे साळवेमामा तलवार बाजूला ठेवून व्हरांड्यात बसले होते. त्यांनी मला पाहिलं, उठले, माझे दोन्ही खांदे धरले आणि कानात म्हणाले, "आवाज नका करू. नावं चाललीत."

मी दारातून आत सरकलो आणि टेबलाच्या शेवटच्या रिकाम्या खुर्चीमागे उभा राहिलो. टेबलावर गुलाब होते. आमच्या मळ्यातले मी लगेच ओळखले. वडिलांनी सहा वर्षांत फोनवर एकदाही सांगितलं नव्हतं की ते अजून पाठवतात. दारालगतच, माझ्याकडे पाठ करून, काठीवर रेललेले गर्गे डॉक्टर. केस पूर्ण पांढरे. ते थकलेले बघायची मी मनाची तयारीच केली नव्हती. नवा सेक्रेटरी नांदगावचा, निकम नावाचा तरुण, मला ओळखत नव्हता. आलो आहे हे कोणालाच माहीत नसल्यामुळे त्याने यादीप्रमाणे सरळ वाचलं.

"ब्रदर खोडे."

काठी फरशीवर टेकली. रविवारी मला अरे-तुरे करणारे डॉक्टर ताठ झाले आणि स्वच्छ आवाजात म्हणाले, "वाटेवर आहेत."

मागच्या महिन्यात म्हटलं होतं, त्याआधी म्हटलं होतं, पुढेही म्हणायचं आहे, अशा सवयीने म्हटलेलं ते वाक्य होतं. मी तीन पावलांवर उभा होतो.  रिवाजाप्रमाणे तिथे मी बोलायचंच नव्हतं. स्वतःच्या नावाला स्वतः उत्तर देणारा माणूस त्या यादीत असूच शकत नाही. तरी तोंडून निघालं, "पोचलो, डॉक्टर."

सगळी डोकी वळली. निकमच्या हातातून कागद सुटला. डॉक्टर वळले नाहीत.  समोरच्या भिंतीकडेच बघत म्हणाले, "उशीर केलास. भात निवला." आणि हसण्याच्या गलक्यात त्यांनी शेजारची खुर्ची काठीने माझ्यासाठी मागे सरकवली.

जेवणानंतर आम्ही व्हरांड्यात बसलो. मी विचारलं, "पत्रांना उत्तर का नाही दिलंत?"

"दर महिन्याला देत होतो की. तुला ऐकू आलं नाही, त्याला मी काय करू?"

 मग तेच म्हणाले, "त्या रविवारी मी दवाखान्यात होतो. शटर आतून ओढून घेतलं होतं. तू हॉर्न दोनदा वाजवलास." त्यांनी चष्मा काढून पुसला. "तिसऱ्यांदा वाजवला असतास तर उघडलं असतं."

 मी त्यांचा हात धरून बसून राहिलो. साळवेमामांनी दिवे मालवायला घेतले तेव्हा आम्ही उठलो.

त्यानंतर तीन वर्षांनी डॉक्टर गेले. कळवलं निकमने. त्याच्या पत्रात शेवटी एक ओळ होती: "आजारपणात डॉक्टरांनी मला बोलावून तुमचं उत्तर माझ्याकडे दिलं. म्हणाले, आम्हा घाटावरच्या उपाध्यांकडे यजमान असेच वारसाकडे जातात." मी पत्र घेऊन किचनमध्ये बसलो. सुनंदाने चहा ठेवला आणि काही न विचारता शेजारी बसली. म्हणजे अजूनही दर दुसऱ्या शुक्रवारी माझं नाव वाचलं जातं आणि नांदगावचा एक पोरगा, ज्याच्याशी मी आयुष्यात दोन-चार तास बोललो असेन, ताठ उभा राहून माझ्याबद्दल खोटं बोलतो. मी काही वाटेवर नाही. माझं घराचं कर्ज इथे आहे, मुलीची शाळा इथे आहे. मुलगी नाशिकला "आजोबांचं गाव" म्हणते. आता विचारलं की घर कुठे, तर मला वाटतं, जिथे आपण नसताना आपल्या नावाला कोणीतरी हो म्हणतं, ते घर. राहायला माणूस कुठेही राहतो.

गेलेल्यांच्या यादीत मेलेल्यांची नावं वाचत नाहीत. त्यांच्यासाठी वेगळा दिवस असतो, वेगळे शब्द असतात. त्यामुळे डॉक्टरांचं नाव आता त्या टेबलावर आठ वाजता निघत नाही. म्हणून मी इथे वाचतो. शुक्रवारी अडीचला, उन्हाळ्यात साडेतीनला, मी बेंचपाशी उभा राहतो. पाठ दुखत नाही हे कीथला केव्हाच कळलं आहे. तो रेडिओ बंद करतो. माझ्या यादीत एकच नाव आहे. मी ते हळू आवाजात वाचतो, "ब्रदर गर्गे." पोचले म्हणायला जीभ वळत नाही. मग त्यांनी शिकवल्याप्रमाणे खांदे सरळ ठेवून मीच सांगतो, "वाटेवर आहेत."